लाल फितीच्या पिना

विश्वास ठेवायचा तर ठेवा. शेवंतामावशी माझ्या आईची सख्खी बहीण, आणि तिला तिखटमीठ लावून सांगता येत नाही.

डिसेंबर १९७३. जबलपूर, घमापूर. रविवार, दुपारचे चार. भुतं रात्रीच निघतात म्हणणाऱ्यांनी ही वेळ लक्षात ठेवावी.

मावशी अंगणात वाटाणे सोलत होती. तिचे यजमान, आमचे अंबादासकाका, वायुसेनेत फिटर होते. एकाहत्तरच्या लढाईत बॉम्ब पडत असताना त्यांनी चार विमानं तयार करून धाडली, म्हणून पदक मिळालं. आता फॅक्टरीत नोकरी. मोहल्ल्यात मान मोठा.

काका उठले. रिकाम्या खुर्चीपुढे ताठ उभे राहिले. दोन्ही हात वर केले…

खुर्चीची नवार खाली दबली.

कोणी बसल्यासारखी.

“काय करून राहिले तुम्ही?” मावशीनं विचारलं.

काका रडत होते. दोन वर्षं दाबून ठेवलेलं त्या दिवशी बाहेर आलं.

लढाऊ विमान पेटलं तर पायलट सीटसकट बाहेर फेकला जातो. जमिनीवर सीट उडू नये म्हणून तिला लाल फितीच्या पिना असतात. उड्डाणाआधी फिटर त्या काढतो आणि हात वर करून पायलटला दाखवतो. एक जरी राहिली तरी सीट हलत नाही.

लढाईत एकदा घाईघाईत काकांनी आधीच्या विमानाच्या पिना दाखवल्या; या विमानाच्या सीटमध्येच राहिल्या. पायलट विनयसाहेबांनी हसून अंगठा दाखवला.

विमान पेटलं. साहेब बाहेर पडलेच नाहीत.

“नागपूरला त्यांची आई आहे,” काका म्हणाले. “सांगून टाकतो.”

“काहून? पदक जाईल, नोकरी जाईल. मेलेला माणूस वापस येते का?”

मावशीला पोटाची काळजी होती. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या रविवारी खुर्ची स्वयंपाकघराकडे तोंड करून होती. कोणी फिरवली नव्हती.

त्याच्या पुढच्या रविवारी… ती चुलीपाशी होती. नवार दबलेली.

मावशीनंच काकांना नागपूरच्या बसमध्ये बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली.

विनयसाहेबांच्या आईंनी, सुहासिनीबाईंनी, सगळं ऐकलं. ना रडल्या, ना रागावल्या. बराच वेळ काकांच्या हातांकडे पाहत राहिल्या.

“रोज चार वाजता विनयच्या खोलीचं दार आतून वाजतं,” त्या म्हणाल्या. “‘आई, मला बाहेर निघता येत नाही,’ म्हणतो. मी दार उघडते, तर आत कोणीच नसतं. काहून म्हणत असेल, ते मला आज समजलं.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“बसा. पाच मिनिटं राहिली.”

मावशी इथपर्यंतच सांगते. पुढचं विचारलं की उठून आत जाते. काका तर त्या विषयावर मरेपर्यंत बोलले नाहीत.

घमापूरच्या घरात मात्र मावशी आजही एकाही दाराला कडी लावू देत नाही.

मी तिच्याकडे मुक्कामाला असलो की मीही लावत नाही…