समोरच्या बाजूची वकील

दारावरच्या पहारेकऱ्यानं खोकं उघडून पाहिलं आणि ठाम मान हलवली. आत बरण्या होत्या. मधाच्या.

"पातळ पदार्थ आत नेता येत नाहीत."

खोकं उराशी धरून उभा असलेला तरुण परक्या भाषेत अडखळत-अडखळत विनवण्या करत होता. काही केल्या जमेना, तसा तो स्वतःशीच पुटपुटला, "अरे देवा... मध आहे बाबा, सुरुंग नाही!"

मागे रांगेत उभी असलेली ती खुदकन हसली. घरापासून इतक्या लांब, या थंड, शिस्तशीर शहरात आपली भाषा अशी अवचित कानावर पडेल असं तिला वाटलंच नव्हतं. हेल मात्र वेगळा होता, नदीपलीकडचा. तिच्या देशाची आणि शेजारच्या चिमुकल्या देशाची भाषा एकच. मध्ये फक्त एक नदी, एक पूल, आणि अलीकडे साठलेली बरीचशी कटुता.

ती पुढे झाली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "हा पुरावा आहे. खटल्यातला नमुना. न्यायालयाच्या नियमाप्रमाणे तो तुम्हाला अडवता येत नाही. वाटलं तर वर विचारा."

पहारेकऱ्यानं वर विचारलं, आणि खोकं आत गेलं.

"तुम्ही अगदी देवासारख्या धावून आलात!" तरुणाच्या कपाळावर भर थंडीत घाम होता. डोळे मोठे, जरा भाबडे...

"देव वगैरे नाही," ती म्हणाली. "मी समोरच्या बाजूची वकील."

त्याचा चेहरा असा पडला की तिला पुन्हा हसू आलं.

"म्हणजे तुम्हीच आमचा मध अडवलाय? मग इथंही अडवू द्यायचा होतात की!"

"दारात अडवण्यात काय मजा? अडवायचं तर आत, सगळ्यांसमोर अडवीन."

आणि ती टाचा वाजवत निघून गेली. तो बघत राहिला, हे तिला मागं न वळताही कळलं.

ती व्यापार खात्याची धाकटी वकील. शिष्टमंडळात तिला सगळे 'करवत' म्हणायचे. जाताना कापते, येतानाही कापते. हे नाव तिच्या वरिष्ठांनी, म्हणजे साहेबांनी ठेवलेलं, आणि ते ती मानानं मिरवायची. साहेबांनीच तिला हाताला धरून या कामात आणलं होतं. तिचा देश बघता बघता मोठा झाला होता. ज्यांनी कधी त्याला दारात उभं केलं नव्हतं ते आता त्याच्या बंदरांसमोर जहाजांच्या रांगा लावत होते. देशांदेशांमधले व्यापाराचे तंटे सोडवणाऱ्या या न्यायालयात येताना तिची मान ताठ असायची.

खटला मधाचा होता. शेजारच्या देशात डोंगरभर मधपेट्या. मध हेच त्यांचं पीक, हीच त्यांची कमाई. त्या देशानं एका जागतिक बैठकीत तिच्या देशाच्या विरोधात मत दिलं, आणि थोड्याच दिवसांत तिच्या सरकारनं मधाच्या शुद्धतेचं नवं मानक काढलं. त्यात पलीकडचा मध बसेना. पुलावर गाड्या अडल्या, पिंपं उन्हात तापत पडली. सरकार म्हणे, प्रश्न लोकांच्या आरोग्याचा आहे. शेजारी म्हणे, आरोग्याचं निमित्त, राग मताचा.

पहिल्या दिवशी तिनं बाजू मांडली ती अशी की मागच्या बाकांवरचेही पुढे सरकून ऐकू लागले.

"हे नियम लिहिले गेले तेव्हा आम्ही त्या खोलीत नव्हतो!" ती म्हणाली. "ज्यांनी लिहिले त्यांनी ते सोयीनं पाळले आणि सोयीनं मोडले. आज आम्ही आमच्या लोकांसाठी एक मानक ठरवलं, तर लगेच आम्हाला कायद्याचे धडे?"

साहेबांनी खाली वाकून कागद चाळण्याचं सोंग केलं. खूश झाले की ते तसंच करायचे. समोरच्या बाकावर तो मधवाला, शेजारच्या देशाचा तरुण वकील, गालावर हात ठेवून ऐकत होता. हरत असलेला माणूस असा कौतुकानं ऐकतो? तिचं पुढचं वाक्य क्षणभर हरवलंच.

दुपारी कॅन्टीनमध्ये तो ट्रे घेऊन तिच्या टेबलाशी उभा.

"बसू? की यावरही बंदी आहे?"

"मानकात बसत असाल तर बसा."

तो बसला. "खटल्याबद्दल बोलायचं नाही."

"नाहीच. हवा काय म्हणते?"

"हवा शुद्ध आहे. आमच्या मधासारखी."

"झालं! बोललात खटल्याबद्दल."

दोघंही हसले. मग पुलाच्या दोन टोकांवरच्या शाळांबद्दल बोलले, लहानपणी ऐकलेल्या अंगाईबद्दल बोलले. तिच्या आईची आणि त्याच्या आईची अंगाई एकच निघाली. फक्त शेवटच्या ओळीत त्याच्याकडे चांदोबा अलीकडच्या डोंगरावरून उगवायचा आणि तिच्याकडे पलीकडच्या.

हे रोजचंच झालं, तेव्हा एका संध्याकाळी ती स्वतःहून साहेबांकडे गेली. "सर, समोरच्या बाजूच्या वकिलाबरोबर मी कॉफी घेते. सगळ्यांसमोर, कॅन्टीनमध्ये. खटल्याचा एक शब्द निघत नाही. कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी मीच सांगते."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण जिभेसारखं मनही ताब्यात ठेव."

जीभ राहिली ताब्यात. मनाचं मात्र...

न्यायाधीश विचारविनिमयाला बसले तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळीक मिळाली. ती दोघं ट्रामच्या रुळांकडेनं चालत होती. बारीक पाऊस लागला. त्यानं छत्री उघडली ती सगळी तिच्यावरच धरली. त्याचा एक खांदा भिजून काळा झाला.

"अहो, तुम्ही भिजताय."

"भिजू दे. मी छोट्या देशाचा. मला सवय आहे."

"टोमणा?"

"छे! थोडासा."

ती थांबली. "हे अहो-जाहो पुरे. ते कोर्टात कर."

"बरं." तो लाजला. चक्क लाजला. मग जरा वेळानं म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी म्हणालीस, नियम लिहिले तेव्हा आम्ही खोलीत नव्हतो. ते वकिलाचं बोलणं होतं की तुझं?"

"माझं." तिचा आवाज बदलला. "माझी आई हातमोज्यांच्या कारखान्यात होती. कातडी हातमोजे. एका जुन्या, श्रीमंत देशानं त्यांच्यावर भलीमोठी जकात लावली. आम्ही इथंच, याच न्यायालयात खटला जिंकलो. गावात पेढेवाटप व्हायचं तेवढं बाकी होतं. मग त्या देशानं अपील केलं... आणि अपील ऐकणाऱ्या पीठावर न्यायाधीशच नाहीत. मोठे देश नेमू देत नाहीत. खुर्च्या रिकाम्या. अपील लटकलं की निकालही लटकला. कारखान्याला टाळं लागलं. आई त्यानंतर घरी बसून लोकांचे फाटके कपडे शिवायची, आणि मी वकील व्हायचं ठरवलं. कुणी आम्हाला परत असं टांगून ठेवू नये म्हणून."

त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. छत्रीवर पाऊस टपटपत राहिला.

"त्या खोलीत आम्हीही नव्हतो," शेवटी तो हळूच म्हणाला. "फरक एवढाच, की आता तू आत आहेस. आणि दाराची कडी तुमच्या हातात आहे."

"कोर्टात बोलला असतास तर खोडून काढलं असतं."

"म्हणून तर इथं बोललो."

तिला त्याचा राग आला. खूप आला. नंतर खोलीवर केस पुसता पुसता तिला कळलं, की राग त्याचा नव्हता. उत्तर सुचलं नव्हतं, त्याचा होता.

निकाल लागला तो तिच्या देशाच्या विरोधात. न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं होतं: हे मानक आरोग्यासाठी नाही. या मापानं मोजलं तर ते लावणाऱ्या देशाचा स्वतःचा मधही नापास होतो.

साहेबांनी तिला बाजूच्या खोलीत बोलावलं. खिडकीतून स्वच्छ सकाळचं ऊन येत होतं.

"दुपारच्या बैठकीत तू उभी राहा," ते म्हणाले. "सांग, आम्ही अपील करतो."

"कुणाकडे, सर?"

"कुणाकडे म्हणजे?"

"अपिलाचं पीठ रिकामं आहे. कुणाकडे अपील करतोय आपण? खुर्च्यांकडे?"

साहेब शांतपणे म्हणाले, "मोठे देश असंच करतात. आपल्यावर केलं, तेव्हा कुणी आपले डोळे पुसायला आलं नाही."

"मग आपण मोठे झालो म्हणजे काय झालो, सर? फक्त त्यांच्यासारखे झालो? एवढ्यासाठी धडपडलो?"

"हे भाषण ठेव. जगात बळी तो कान पिळी."

"आपला कान कालपरवापर्यंत दुखत होता. इतक्यात विसरलो?"

साहेबांचा आवाज चढला. "हे तू बोलतेस, की तो मधवाला बोलतोय?"

खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. तिचे गाल तापले, पण नजर खाली गेली नाही.

"तो मला आवडतो," ती म्हणाली. "खूप आवडतो. अजून त्यालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगते. पण सर, त्याच्या जागी एखादा खडूस म्हातारा असता, तरी मी हेच म्हटलं असतं. खटला मी जीव तोडून लढले. कसूर केली असेल तर दाखवा."

साहेबांना दाखवता येईना.

"अपील करणं सरकारच्या हातात आहे," ती पुढं म्हणाली. "सरकारनं करावं. माझ्या तोंडानं नाही. माझं नाव काढा. नोकरीतूनही काढायचं तर काढा."

"पाण्यात राहून माशाशी वैर करतेस, पोरी. कुणी जवळ उभं करणार नाही तुला."

"मग लांब उभी राहीन, सर. पण उभी राहीन."

बाहेर येऊन तिनं आईला फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला.

"नोकरी गेली तर गेली," आई म्हणाली. "मी मेले नाही अजून. रडतेस कशाला?"

"मी कुठं रडते?"

"मग नाक कोण ओढतंय? ...बरं, तो कोण? मधवाला म्हणालीस ना मगाशी."

"आई!"

"आई काय आई? सांगितलंस का त्याला? नाही? साहेबांना तोंडावर सांगता येतं, आणि त्याला सांगताना दातखीळ बसते होय!"

दुपारी साहेब स्वतःच उभे राहिले आणि अपील जाहीर केलं. त्यांच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. ती वर, लोकांसाठी ठेवलेल्या बाकांवर अगदी पुढच्या रांगेत बसली होती, सगळ्यांना दिसेल अशी. शिष्टमंडळातले माना वळवून-वळवून बघत होते. तिनं एकेकाची नजर झेलली आणि एकाचीही चुकवली नाही.

पायऱ्यांवर तो धापा टाकत तिच्यामागं आला.

"काय केलंस हे? लोक म्हणतील, मी तुला फितवलं!"

"म्हणू देत."

"तुझं सगळं करिअर..."

"माझं आहे ना? मग मी बघते." ती गर्रकन वळली. "आणि एक लक्षात ठेव. हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. उगाच छाती फुगवू नकोस."

"नाही फुगवत." त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... माझ्यासाठी काहीच नाही?"

पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी तिच्या देशाचे लोक उभे होते. खालच्या टोकाशी त्याच्या देशाचे. दोन्हीकडून बोटं रोखली जात होती. तिनं सावकाश पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. 

"तुझ्यासाठी हे," ती म्हणाली. "तू मला आवडतोस. आता बोल, की तुझ्या वरिष्ठांना विचारून येतोस?"

"मला तर तू पहिल्या दिवशीच..." त्याला वाक्य पुरं करता येईना. "सगळे बघतायत गं."

"बघू देत! आपण काही चोरून आणलेला माल नाही."

तो हसत सुटला. मग गंभीर झाला. "पुलापलीकडे येशील? आमच्याकडे तुला लोक डोक्यावर घेतील."

"नाही," ती म्हणाली. "मी माझ्याच देशात राहणार. तिथल्याच कोर्टात जाणार. आमच्या मधवाल्यांचाही मध त्या मानकात बसत नाही, त्यांची वकील होणार. माझा देश चुकला म्हणून मी तो सोडून का जाऊ? चुकलेलं दुरुस्त करीन. तुला यायचं तर तू ये."

"येतो," तो म्हणाला. विचार करायला क्षणही न घेता.

ते अपील अजून लटकलेलंच आहे. करवतीनं मात्र घरच्या कोर्टात मानकाविरुद्ध दावा ठोकला. पहिल्या फेरीत हरली, वरच्या कोर्टात गेली. वर्तमानपत्रांनी तिला घरभेदी म्हटलं. तिनं तेच वर्तमानपत्र चहाच्या कपाखाली घेतलं आणि पुढच्या तारखेची तयारी केली.

लग्न झालं ते तिच्या गावी. पुलावरच्या तपासणीत पलीकडचं निम्मं वऱ्हाड अडकलं, तरी लागलं. जेवणाच्या पंगती चालू असताना मांडवाच्या दारात एक ओळखीचा चष्मा दिसला. साहेब! पत्रिका तिनं पाठवली होती, पण ते येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. खात्यातलं दुसरं कुणीही आलेलं नव्हतं.

"अपिलाच्या बाबतीत माझंच बरोबर होतं," ते आल्या-आल्या म्हणाले.

"असू दे, सर. बसा, जेवून घ्या."

साहेब बसले. घसा खाकरला. इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुझा दावा वाचला मी. तिसरा मुद्दा कच्चा आहे. समोरचे तिथंच धरतील तुला. जेवण झालं की सांगतो."

तिकडे फोटोवाला ओरडत होता, "नवरी कुठंय? नवरीला बोलवा!" आई हातवारे करत होती.

नवरीनं शालू आवरला आणि साहेबांसमोर खुर्ची ओढली. "आधी सांगा, सर. मग जेवा."

नवरदेव तिला शोधत आला, दोघांचे चेहरे पाहून काय समजायचं ते समजला, आणि त्यानं स्वतःसाठीही एक खुर्ची ओढली.