खाचेचे दगड

आबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण लेकीच्या बागेची भिंत ते जीव ओतून बांधत होते. बागेमागे पडीक दगडखाणीचा खोल खड्डा होता आणि पाच वर्षांच्या नातीच्या पायाला भिंगरी. भिंत होईपर्यंत लेकीचा जीव टांगणीला लागला होता.

वालुकाश्माचे दगड एका पाडलेल्या जुन्या बालगृहातून आणलेले. त्यातल्या अकरा दगडांवर बोटभर रुंदीची गुळगुळीत खाच होती. वर्षानुवर्षं तिथली मुलं बोट घासत गेली असावीत. दुसऱ्या कुणी ते कुठेही लावून टाकले असते. पण रेषेला रेष जुळल्याशिवाय आबांना चैन पडत नसे. त्यांनी ते दगड एकाच थरात ओळीने बसवले. खाचेला खाच अशी काही जुळली, की आबा स्वतःवरच खूश झाले. टोकाला एका दगडाची जागा उरली, तिथे त्यांनी नवा घडवून लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात खाचेत बोट घालून, डोळे मिटून भिंतीकडेने चालत आली. दुसऱ्या हाताची मूठ पुढे धरलेली, कुणाचा सदरा पकडावा तशी. नव्या दगडापाशी ती थांबली, ती थांबलीच.

"काय गं, पुतळा झाला का तुझा?" आबांनी चिडवलं.

"रांग आहे. माझ्यापुढे तिघं आहेत."

आबा हसले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दोघं." तेव्हा मात्र त्यांनी नव्या दगडावरून हात फिरवला. तिथेही खाच उमटू लागली होती. कोवळं बोट दोन दिवसांत दगड झिजवतं होय? आबा घाबरले. लेकीला बोलले नाहीत इतकंच.

तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आता एकच."

आबांनी तिला आत पिटाळलं आणि पहार घेतली. चुन्याचा माल अजून पुरता धरला नव्हता. पण असे दगड टाकून द्यायचे त्यांच्या जिवावर आलं. दोन दिवस खपून त्यांनी एकेक दगड फिरवून लावला. खाच खड्ड्याच्या बाजूला, बागेकडे सपाट तोंड.

"घास आता बोट," ते म्हणाले.

नात भिंतीकडे बघत राहिली. "आबा, रांग पलीकडे का नेली?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक पायरीवर आली. "आबा, ती तुमच्याजवळ आहे ना?"

नव्हती. फाटक उघडं होतं.

भिंतीपलीकडून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. सावकाश, न थांबता.

आबा धावत वळसा घालून पलीकडे गेले. भिंत आणि खड्डा यांच्यामध्ये जेमतेम पाऊलभर जागा. भिंतीला मध्ये बाक होता, त्यामुळे टोक दिसेना. आवाज तिकडूनच येत होता. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी खाचेत बोटं रुतवली आणि ते सरकत निघाले.

टोकाला कुणी नव्हतं, पुढे फक्त खड्डा. नव्या दगडावरची खाच पूर्ण झाली होती.

आवाज थांबला.

"आबा, सापडली!" बागेतून लेक ओरडली. "झाडामागे बसली होती!"

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते मिटले, क्षणभरच.

"आबा," भिंतीपलीकडून नात म्हणाली, "आता तुमच्यापुढे कुणी नाही."

मागून लहानशा मुठीने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं.