शिशाची साखर

झालं का तुमचं? कंदील लावला तेव्हापासून ऐकतोय. तू काय लिहिलंस, मी काय लिहिलं, ह्याचं चुकलं, त्याचं बरोबर. पर्चा देऊन आलात ना? मग आता हे बैल गेला आणि झोपा केला कशाला? मॅट्रिकला बसलेली पोरं तुम्ही, आणि एकमेकांची अक्कल काढण्यात कोंबड्यांना मागं टाकाल. सरका जवळ. बोरीच्या भुजंगाचं काय झालं ते सांगतो. माझ्या ओळखीचा माणूस आहे, ऐकीव गोष्ट नाही.

तीन वर्षांमागची फाल्गुन वद्य नवमी, गुरुवार. बोरीचा सटवाजी बैलगाडी घेऊन परभणीला सरकी आणायला गेला होता. परत निघताना त्यानं गावातली दोन पोरं गाडीत घेतली. त्यांचा मॅट्रिकचा शेवटचा पर्चा, कीमियाचा म्हणजे रसायनशास्त्राचा, त्याच दिवशी संपला होता. एक चन्नप्पा, लिंगायत वाण्याचा, सरळ पोरगा. दुसरा भुजंग. हुशार होता, नाही म्हणत नाही. पण हुशारीपेक्षा नाक मोठं. दुसऱ्याचं चुकलं की ह्याला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

गाडी शहराबाहेर पडली आणि चन्नप्पानं विचारलं, "भुजंगा, तेजाब पाण्यात वतायचं का पाणी तेजाबात?"

"तू काय लिवलास?"

"पाणी तेजाबात."

"मंग घे तोंड भाजून! तेजाब उसळून अंगावर येतंय तसं. घरी जाऊन तराजू धर बाबा. मॅट्रिक तुझं काम न्हाई."

चन्नप्पा बिचारा हसला. "अन् पुडीत तुला कोणतं नमक निघालं? मला तर तुरटी वाटली."

"वाटली? कीमिया हाय का भविष्य हाय, वाटायला? माझं शिशाचं निघालं."

"कसं वळखलास?"

"डोकं लागतं त्याला."

लेखी झाल्यावर प्रत्येकाला कागदाची एक पुडी दिली होती. आत पांढरी भुकटी. ती तापवून, विरघळवून, कोणतं नमक, म्हणजे कोणता क्षार, आहे ते ओळखायचं. आता भुजंगाचं डोकं कसलं, ते ऐका. त्याची एकही कसोटी धड उतरली नव्हती. वेळ संपत आली, मास्तरांची पाठ फिरली आणि ह्या शहाण्यानं बोट ओलं करून पुडीत घातलं, जिभेवर ठेवलं. गोड लागलं. शिशाचं एक नमक गोड असतं, त्याला शिशाची साखर म्हणतात, हे वर्गात शिकवलेलं. ते विष असतं, हेही शिकवलेलं.

पठ्ठ्यानं जवाब लिहिला, पण ती गोडी काही जिभेवरून हलेना. चुळा भरल्या, लिंबाचा पाला चावला, हिरवी मिरची खाल्ली. गोडच. गाडीत बसून तो थुंकी गिळत नव्हता. आपण सकाळ बघतो की नाही, हीच धास्ती. भ्याला होता म्हणूनच चन्नप्पावर गुरगुरत होता. असल्यांची मला कीव येत नाही.

झरी गाव मागं पडलं. चन्नप्पा पोत्यावर झोपला. सटवाजी पुढं बसल्या बसल्या पेंगत होता. बैलांना रस्ता पाठ. चंद्र अजून उगवायचा होता. भुजंग तेवढा जागा होता, बाहेर थुंकत.

गाडी ओढ्याच्या उताराला लागली आणि मागून कुणीतरी विचारलं,

"तुमाला काय निघालं?"

गाडीमागं एक पोरगा चालत होता. काळी टोपी, अंगात शेरवानी. तोंड दिसत नव्हतं. इम्तहानाला आलेलाच कुणी असणार, असं भुजंगानं धरलं.

"कुठला रे तू?"

"पूर्णेचा."

"मंग रेल्वेनं जायाचं सोडून बोरीच्या रस्त्यानं कुठं निघालास?"

"जवाब जुळवायलोय. कुणी सांगंना."

भुजंगाला बरं वाटलं. आणखी एक गाढव सापडलं. "बोल, तुझं काय?"

"माझं लिवायचंच ऱ्हायलं..." पोरगा थांबला. "गोड होतं."

भुजंग थुंकायचा थांबला. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तो म्हणाला, "शिशाचं असंल. चाखून तर शेंबडं पोरगं बी सांगंल. चाखायचं नसतं येड्या, मरतंय माणूस."

"हां."

नुसतं हां.

गाडी पाण्यात उतरली. बैलांच्या पायांचा आवाज येत होता. चाकांचा येत होता. त्या पोराच्या पायांचा...

येत नव्हता.

"मंग तुमी कसं वळखलं?"

भुजंगानं तोंड फिरवलं.

"तुमी बी...?"

बैल थांबले. ओढ्याच्या मधोमध.

चन्नप्पाला हाक मारायला भुजंगानं तोंड उघडलं. आवाज निघायच्या आत ओठांवर एक बोट आलं. गार. ओलं. पोरगा गाडीपासून लांब उभा होता. जागचा हललाही नव्हता. पण बोट...

ओठ मिटले.

किती वेळ, कुणास ठाऊक.

मग बोट निघालं. बैल चालू लागले. मागं कुणी नव्हतं. आणि जिभेवरची गोडी गेली होती.

उजाडता उजाडता गाडी बोरीत आली. भुजंग जिवंत होता, रडत होता, आणि रडू का येतंय ते सांगत नव्हता. ऊन अंगावर आलं तसा चन्नप्पा म्हणाला, "भुजंगा, तोंडाला काय लागलंय रे?"

ऊन चढत गेलं, डाग गडद होत गेला. वरच्या ओठाच्या वरून थेट हनुवटीपर्यंत, उभं, एक बोट. काळं कुळकुळीत. राखेनं घासलं, दगडानं घासलं, रक्त आलं. डाग तसाच.

आठवड्यानं तो परभणीला कीमियाच्या मास्तरांकडं गेला. त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिलं आणि हसले. "चांदीचं नमक आहे हे. पाण्यात विरघळलेलं असतं, लागतं तेव्हा दिसत नाही, उन्हात काळं पडतं. पंधरा दिवसांत कातडी सुटली की जाईल. पण तुला मिळालं कुठं? आपली बाटली तर वर्षभर रिकामी आहे."

भुजंगानं पूर्णेच्या पोराचं सांगितलं. मास्तरांचं हसू गेलं.

"नाव विचारलंस त्याला?"

"न्हाई."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले, आणि उठून त्यांनी हात धुतले.

भुजंग पास झाला, तोही वरच्या नंबरात. चन्नप्पाला मात्र निकालाच्या दिवशी एक शब्द टाकून बोलला नाही. पंधरा दिवसांची आता तीन वर्षं झाली. त्यानं मिशा राखल्या, दाढी राखली, सगळं झाकून घेतलं.

पण ओठांवर केस उगवत नाहीत. तेवढं बोट अजून दिसतं.