तापसाक्षीची आरती

खंडेनवमीला हिमवंत कंपनीच्या औषध डेपोत वजनकाट्याची, फोर्कलिफ्टची आणि ढकलगाड्यांची पूजा व्हायची. अलीकडे त्यात तापसाक्षीची भर पडली होती. तापसाक्षी म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढी चकती. औषधाच्या प्रत्येक पेटीत, आतल्या झाकणावर ती चिकटवलेली असे. पेटी किती तापली, कुठे आपटली, किती वेळ उघडी राहिली, हे सगळं ती बिनतारी संदेशांनी साखळीला कळवत राही. आणि साखळी म्हणजे राज्यभरातल्या अशा लाखो चकत्यांचं ऐकून कुठलं औषध कुठे, कधी, कुठल्या गाडीने जाईल ते ठरवणारी यंत्रणा.

जालन्याबाहेरच्या या डेपोत नलिनी खिल्लारे मान्यता अधिकारी होती. पद ऐकायला भारदस्त होतं. काम एवढंच, की साखळीने घेतलेल्या निर्णयासमोर ‘मान्य’ दाबायचं. सकाळी आल्यापासून मान्य, मान्य, मान्य. तिच्या तर्जनीचं हाड दुखायला लागलं होतं आणि मन त्याआधीच दुखून दुखून गप्प झालं होतं. तरी ती साखळीला नावं ठेवत नसे. बर्फ वितळून वाया गेलेल्या लसी तिने पोत्यांनी फेकल्या होत्या. गाडी कुठे अडकली हे विचारायला ड्रायव्हरला फोन लावून लावून कान गरम झाल्याचे दिवस तिने काढले होते. साखळी आली आणि हे सगळं खरोखरच थांबलं. फक्त नलिनीला करण्यासारखंही काही उरलं नाही.

पूजेची तयारी हमालांचा मुकादम उद्धव साबळे याने केली होती. कोऱ्या तापसाक्षींचं पाकीट पूजेला ठेवा, असं नलिनी दरवर्षी सांगायची.

“त्या पाकिटातल्या झोपलेल्या असतात, मॅडम,” उद्धव दरवर्षी म्हणायचा. “झोपलेल्याची काय पूजा करायची? जागी पाहिजे.”

म्हणून निघायच्या तयारीत असलेली एखादी पेटी टेबलावर यायची, तिचं बाहेरचं झाकण उघडलं जायचं आणि चकतीला हळदकुंकू लागायचं. झाकण थोडा वेळ उघडं राहिल्याची नोंद साखळी ‘किरकोळ’ म्हणून सोडून द्यायची. यंत्राला कळत नव्हतं, आणि माणसांना ते कळवावंसं वाटत नव्हतं. असं ते निभावत होतं.

यंदा आरतीचा मान नलिनीला मिळाला. ताटात कापूर पेटला, टाळ्या सुरू झाल्या. एक आरती संपली तशी उद्धवने उत्साहाने दुसरी धरली. नलिनीचा हात भरून आला. ताट खाली खाली येत गेलं आणि कापराची ज्योत नेमकी चकतीसमोर रेंगाळली. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. अक्षता टाकताना काही दाणे फटीतून आत पडले, म्हणून तिने आतलं झाकण उचललं आणि कुप्यांवरच्या गार पिशव्यांमधून ते वेचून काढले. बोटं बधिर झाली. तिने ती पदराला पुसली, पेटी बंद केली आणि गाडी पिंपळदरीकडे रवाना झाली. मग सगळ्यांनी पेढे खाल्ले.

दुपार कलताना पिंपळदरीच्या दवाखान्यातून डॉक्टर शहनाज पठाण यांचा फोन आला.

“खिल्लारे मॅडम, पेटी पोचली, पण उघडत नाही. लाल दिवा लागलाय. ‘औषध बाद’ म्हणते.”

नलिनीने संगणकाचा पडदा पाहिला. गाडीत बसल्यावर तापसाक्षीने आपली सगळी हकीकत साखळीला सांगितली होती. चकतीपाशी भयंकर उष्णता, तीही झाकण उघडं असताना. साखळीने सरळ हिशेब केला होता: औषध तापलं, कुलूप लावा. त्या निर्णयाखाली ‘मान्य’ होतं. ते नलिनीनेच दाबलं होतं, न वाचता, जेवणानंतरच्या पेंगेत.



“कुणासाठी होतं ते?”

“नऊ वर्षांची मुलगी आहे. आफरीन. घटसर्प. घशात पडदा धरलाय, श्वासाला घरघर आहे. हे प्रतिविष आत्ता गेलं तर उपयोग. एकदा विष हृदयाला भिडलं की मग नुसतं बघत बसायचं. दुसरा डोस पुण्याहून उद्या येईल म्हणते तुमची साखळी. कुलूप तोडू का?”

“तोडू नका!” नलिनी जवळजवळ ओरडली. बाद झालेली औषधं कुणी चोरून विकू नयेत म्हणून पेटीत तशी सोयच होती. जबरदस्ती केली की आतल्या कुप्या फुटायच्या.

उद्धव दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला होता. “आरतीनं झालं का हो, मॅडम?”

“आरतीनं नाही. माझ्या हातानं झालं.”

एक वाट होती. नियमांत कुठेतरी खोल ‘मानवी साक्ष’ नावाची तरतूद होती. अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेलं सांगायचं आणि कुलूप काढायला लावायचं. आजवर ती कुणी वापरल्याचं नलिनीला माहीत नव्हतं. कोण कशाला वापरेल? यंत्राचं ऐकून माणूस दगावलं तर कुणाची नोकरी जात नाही.

“यंत्र बिघडलं म्हणून सांगा की,” उद्धव हळूच म्हणाला. “तुमचं नाव कशाला घालता त्यात?”

“यंत्र बिघडलेलं नाही, उद्धवभाऊ. ते खरंच बोलतंय. त्याला जेवढं कळलं तेवढं.”

ती संगणकासमोर बसून साखळीला साक्ष देऊ लागली. साखळीचा मऊ आवाज एकेक प्रश्न विचारत गेला.

“या घटनेत तुमचा सहभाग आहे?”

“हो. ज्योत मीच धरली होती.”

“औषध तापलेलं नाही, हे कशावरून?”

“आरती झाल्यावर मी आत हात घातला होता. गार पिशव्या होत्या तशा होत्या. माझी बोटं बधिर झाली.”

“साक्ष चुकीची ठरल्यास जबाबदार कोण?”

“मी.”

हे सगळं तिने डॉक्टरांनाही सांगितलं, काही न लपवता.  पलीकडून मुलीच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. 

“खात्री आहे का तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“बोटांची आहे. बाकी कशाची नाही.”

“चालेल,” डॉक्टर म्हणाल्या. “माझ्याकडे तेवढंही नव्हतं.”

पेटी उघडल्याचा आवाज फोनवर आला.

पुढचे दोन दिवस नलिनीने कसेबसे रेटले. दसऱ्याचं सोनं वाटताना तिला माणसांचे चेहरे दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर पठाणांचा फोन आला. घशातला पडदा सुटायला लागला होता. आफरीनने पाणी गिळलं होतं आणि आईवर चिडलीसुद्धा होती. नलिनी खुर्चीत बसून ढसाढसा रडली. उद्धवने चहा आणून ठेवला आणि तो बाहेर गेला.

दवाखान्याचा अहवाल साखळीलाही पोचला होता. नलिनीने डोळे पुसून संगणकाकडे पाहिलं तेव्हा तिथे नवी सूचना होती. यंत्राचा निर्णय चूक आणि मानवी साक्ष बरोबर, असं प्रथमच घडलं होतं. साखळी शिकणारी होती, आणि ती शिकली होती. यापुढे औषध बाद करण्याआधी मान्यता अधिकाऱ्याची साक्ष घेतली जाईल.

नलिनीला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला काही विचारणार होतं.

सूचनेखाली पेट्यांची रांग लागली. राज्यभरातल्या. पहिली कोकणातल्या एका डेपोतली होती. नवजात बाळासाठीचं इंजेक्शन, वाटेत काही काळ उन्हात राहिलेलं, आज संध्याकाळच्या आत हवं असलेलं. ‘तुमची साक्ष काय?’ असं विचारून साखळी थांबली होती.

मी ही पेटी पाहिलेली नाही, असं नलिनीने सांगितलं. तिथल्या माणसाला विचारा.

“त्या डेपोत गेल्या वर्षापासून माणूस नाही,” साखळी म्हणाली. “तिथल्या मान्यता तुम्हीच देता.”

 रांग खाली वाढत होती. चंद्रपूर, सावंतवाडी, शहादा. प्रत्येक नावापलीकडे कुणीतरी खाटेवर पडून वाट बघत होतं, आणि यांतल्या एकाही पेटीत कुणी हात घातलेला नव्हता.

“नलिनी खिल्लारे,” साखळीने मऊ आवाजात पुन्हा विचारलं, “उघडू का?”