कोनी शे का मजार?

काम तसं साधंच होतं. जळगावची नूतन पाटील कोर्टासाठी आरोपींची मनं तपासायची. माणूस खरा वेडा की सोंगाड्या, खरं बोलतो की रचून सांगतो, ते साक्षीला उभं राहून सांगायचं. बाई पारखी. पाणी पिणाऱ्याच्या घोटावरून त्याच्या पोटातलं ओळखते, असं वकील म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात तिच्यापुढे भिकनआबा आला. पारोळ्याकडचा म्हातारा, पोटासाठी यावलच्या रस्त्यावर केळी पिकवायच्या चेंबरवर राखण करायचा. चेंबर म्हणजे मोठी गार खोली. खिडकी नाही, दार वीतभर जाड. हिरवी केळी आत रचायची, दार घट्ट लावायचं, गॅस सोडायचा, की हिरव्याचं पिवळं होतं. त्या दाराआड दीपमाला नावाची मजूरबाई गुदमरून मेली. कडी आबाने लावली होती, आणि आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण साऱ्यांनी ऐकलं होतं. लागलं खुनाचं कलम.

तुरुंगात खुर्ची दिली तरी आबा खाली उकिडवा बसला.

"मी हाक मारी, अक्का. कोनी शे का मजार?"

आत कोणी आहे का, असं विचारल्याबिगर कडी लावायची नाही, हा तिथला नेम.

"मग?"

"मजारथीन तीच बोलनी. कोनी नही. तिनाच आवाज व्हता. मंग मी कडी लाई दिधी."

नूतनला हसू आवरेना. "आबा, आत कोणी नव्हतं, तर 'कोणी नाही' हे सांगितलं कोणी?"

"बठ्ठा लोके हाईच इचारतस. वकील बी हासना." म्हातारा फरशीकडे बघत राहिला. "रोजनी सवय, अक्का. कान आयकतस, हात कडी लावतस. डोकं मांगून येस."

"आणि तिने दार बडवलं नाही?"

"पंखा सुरू व्हता ना..."

नूतनने मनाशी ठरवून टाकलं: डोक्याने धड आहे आणि तोंडाने लबाड आहे. एवढं तिने कोर्टात सांगितलं, की म्हाताऱ्याची हाडं तुरुंगातच जाणार. तरी बाई कामाला चोख. साक्षीच्या आदल्या दिवशी म्हणाली, जागा तरी डोळ्याखालून घालू.

भर दुपारी ती चेंबरवर पोचली. बाहेर उन्हाने डांबर पाघळत होतं. आबाच्या जागी आता पुना होता, त्याच्याच गावचा.

"चपला भाईर काढा, ताई. नेम शे." मग आपणच हळू म्हणाला, "दीपमाला ते अनवाणीच ये. उन्हात बी."

नूतनने दाराशी चपला काढल्या. फरशी बर्फासारखी. क्रेटांच्या भिंती छताला टेकलेल्या, मधे अंगापुरती वाट. वास असा गोड, की घशाला चिकटावा. मालकाचा फोन आला म्हणून पुना बोलत बोलत बाहेर गेला. ती एकटीच पार मागच्या रांगेपर्यंत गेली.

तेवढ्यात दाराशी, फोनवर बोलता बोलताच, पुनाची हाक आली. रोजची, सवयीची.

"कोनी शे का मजार?"

नूतन हसलीच. म्हणाली, "अहो, मी आहे ना!"

म्हणाली खरी. ओठ तसेच हलले. पण तिच्या कानावर आलं ते वेगळंच. आवाज तिचाच, शांत, निवांत, दळण टाकून आलेल्या बाईसारखा...

"कोनी नही."

जन्मात तिने खानदेशी बोली तोंडात घेतली नव्हती.

उजेड बारीक होत गेला, रेघ झाला, मिटला. कडी पडली. नूतन धावली, क्रेटांना खांदे आपटत दाराशी पोचली. "पुना! उघडा! मी आहे... मी..." आणि दर खेपेला तिच्याच गळ्यातून, तसंच संथपणे, "कोनी नही... कोनी नही..."

तिने तोंडावर हात दाबला, दुसऱ्याने दार बडवलं. तर पंखा सुरू झाला. त्या घरघरीत तिचा हात तिलाच ऐकू येईना. आणि दाराच्या पत्र्यावर बोटांना खळगे लागले. तिच्या छातीच्या उंचीवर, एकाला एक लागून. कुणीतरी तिच्याआधी तिथेच उभं राहून बडवत होतं.

श्वास जड झाला. तेव्हा कुठे कडी निघाली. उजेडात पुना उभा, हातात तिच्या चपला.

"ताई! चपला दिसन्यात म्हनीसन... तुमीच ते बोलनात, कोनी..." तो थांबला. चेहरा पडला. "पन... कोनी नव्हतं ते... बोलनं कोन?"

नूतनने चपला छातीशी धरल्या. तोंडावरचा हात न काढताच ती बाहेर उन्हात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाचा व्हरांडा माणसांनी भरलेला. भिकनआबाला पोलीस आत नेत होते. तो तिच्यापाशी घुटमळला.

"तुमीच शेतस आते, अक्का. दुसरं कोनी नही माले."

'कोनी नही' ऐकून ती पाऊलभर मागे सरली. तरी ती पुढे झाली. "घाबरू नका, आबा. तुम्ही ऐकलं ते खरंच ऐकलं. मी सांगते त्यांना."

आबाचे डोळे भरले. तो आत गेला. दुपार कलली तसा पट्टेवाला दारात आला आणि गर्दीवरून ओरडला, "साक्षीदार नूतन पाटील हाजिर हो!"

"हजर!" नूतन म्हणाली.

पट्टेवाला तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. पुन्हा पुकारलं. ती माणसं सारत पुढे घुसली, हात वर केला, शिरा ताणून ओरडली, "हजर आहे! मी आहे!"

आणि तिला आपलाच आवाज ऐकू आला. शांत, निवांत.

पट्टेवाल्याने मान डोलावली, जसं उत्तर मिळालं. आत वळून म्हणाला, "कोणी नाही, साहेब." आणि दार ओढून घेतलं. मिटत्या फटीतून आबा तिच्याकडेच बघत होता.

नूतन दाराकडे धावली. तळपायांना बर्फासारखी फरशी लागली. जळगावच्या मे महिन्यात. तिने खाली पाहिलं.

घरून पायात घालून निघालेल्या चपला पायात नव्हत्या. दाराशी नव्हत्या. कुठेच नव्हत्या.