फिर्मँची पाळी

लढाईनंतरच्या तिरंदाजीच्या पहिल्या सामन्यासाठी बायकांनी बाग झाडून लख्ख केली होती. दोन टोकांना पेंढ्याची दोन लक्ष्यं, मधल्या वाटेवर लिंडेनची झाडं आणि त्यांच्या फुलांचा तो गोड वास. असे रविवार आता कुठले!

सामना शेजारच्या गावाशी होता. लढाईनं दोन्हीकडे तिरंदाजच उरले नव्हते. म्हणून हरणाऱ्यानं आपलं मंडळ मोडायचं, झेंडा जिंकणाऱ्याला द्यायचा, असं ठरलं होतं. आमचा फिर्मँ वेर्दँच्या आघाडीवर, खंदकांच्या चिखलात पडला. त्याचं प्रेतसुद्धा सापडलं नाही.

"त्याची जागा भरायची नाही," मी म्हणालो. "पाळी आली की नाव पुकारू, थोडं थांबू."

"ओदिलाँ, हरायची भारी हौस रे तुला!" त्यांचा कप्तान थेओद्यूल म्हणाला. पण पहिल्यांदा नाव पुकारलं, तेव्हा टोपी आधी त्यानंच काढली.

सुरुवातीला नावामागून नुसती पानं सळसळत. मग नाव घेतलं की पाखरं गप्प होऊ लागली. बाण काढायला आम्ही पलीकडे चालत जायचो, तर खडीवर आमच्यामागे अजून कुणाचे तरी बूट वाजत. ते सगळ्यांनीच ऐकलं. मागे वळून कुणीच पाहिलं नाही.

शेवटच्या फेरीत आम्हाला मधला काळा ठिपका हवाच होता. माझा बाण बाजूला गेला. उरली फक्त त्याची पाळी.

"फिर्मँ!"

मी पुकारलं.

शेजारीच प्रत्यंचा वाजली.

आम्ही लक्ष्यापाशी गेलो. काळ्या ठिपक्यात बाण होता. पिवळ्या पिसांचा. पिवळी पिसं गावात एकटा फिर्मँच लावायचा.

थेओद्यूलनं बाणाला हात लावला नाही. "हा मोजायचा," तो म्हणाला. "जिंकलात तुम्ही."

कुणी टाळी वाजवली नाही. झेंडा आमच्याकडे राहिला. मंडळ अजून आहे.

निघताना आन्सेल्मकाकांना उठवायला गेलो. त्यांना जवळजवळ दिसत नसे. सावलीत बसून ते सगळ्यांना सफरचंदाची दारू ओतून देत.

"तुमचा तो शेवटचा गडी," ते म्हणाले, "एक शब्द बोलला नाही बघ. पण काय तहानला होता पोरगा! प्याला घेतलाच नाही, सुरईच तोंडाला लावली."

मी सुरई उचलली. रिकामी होती. तिच्या काठाला ओला, काळा चिखल लागला होता.

महिनाभर आमच्याकडे पाऊस नव्हता.