झऱ्याला लागली हळद!

"अबाबाबा! हे विद्यापीठ हाय का आख्खा जिल्हा?" सायकल थांबवून शरणप्पा ओरडला.

"जिल्ह्याचं तू बोलूच नको! कालपरवापर्यंत उस्मानाबादवाले होतात तुम्ही," पंचशीला हसली.

"आता लातूरवाले! कोरा करकरीत जिल्हा हाय आमचा!"

उस्मानाबादमधून नुकत्याच वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचा शरणप्पा आणि त्याची बहीण महानंदा सुट्टीत मैत्रिणीकडे, पंचशीलाकडे, आले होते. तिची आई विद्यापीठात ज्वारीवर संशोधन करायची. ग्रंथालय, प्रयोगशाळा, तारे बघायची दुर्बीण, वसतिगृहं... हिंडून हिंडून पाय दुखले! शेवटी तिघं आईच्या वाफ्यांपाशी आले. रोपांनी माना टाकल्या होत्या.

"काकू, ही तर दुष्काळात तगणारी ज्वारी ना?" महानंदाने विचारलं.

"तिलाही घोटभर पाणी लागतंच गं! टेकडीवरची टाकी सकाळी भरते, दुपारी ठणठणीत कोरडी! इतक्या वर्षांचं काम वाळून चाललंय."

टेकडीखाली मात्र गर्दी! खडकाच्या फटीतून पाणी झुळझुळत होतं. बांधकाम पाहणारे शेषेरावसाहेब ऐटीत मांडव घालून घेत होते.

"झरा लागलाय झरा! उद्या कुलगुरूंच्या हस्ते पूजन!"

"आमच्याकडं विहिरी आटल्या अन् इथं झरा?" महानंदाने वर पाहिलं. "साहेब, टाकीचा पाइप फुटला असंल!"

"पोरांनो, जा, गोट्या खेळा!"

पंचशीला आईकडे धावली. "आई, टाकीतलं पाणी कुणी पितं का?"

"नाही. फक्त वाफ्यांना जातं."

"मग त्यात हळद टाकू?"

आईच्या डोक्यात प्रकाश पडला. ती खुदकन हसली. "टाका! मी येते सोबत."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरताच तिघांनी हळदीचे डबे रिकामे केले आणि धावत टेकडी उतरले. खाली कुलगुरूंनी नारळ उचलला, आणि फटीतून पिवळंधमक पाणी आलं!

"झऱ्याला हळद लागली!" शरणप्पा नाचू लागला. "लगीन कुणासंगं?"

"टाकीसंगं!" महानंदा ओरडली.

सगळे खो खो हसले. शेषेरावसाहेब मात्र घामाघूम! पंचशीलाने कुलगुरूंना सारं सांगितलं. लगेच खणलं, तर पाइपाचा सांधा निखळलेला!

"शेषेराव, मुलांचं ऐकायला हवं होतं," कुलगुरू म्हणाले. मग तिघांकडे वळले. "शंका काढलीत, प्रयोग केलात, पुरावा दिलात. शाब्बास! हेच तर संशोधन!"

"मग डिग्री द्या की सर!" शरणप्पा म्हणाला.

"आधी सातवी तर पास हो!" महानंदाने त्याला चिमटा काढला.

संध्याकाळी दुरुस्त पाइपातून पाणी वाफ्यांत शिरलं. आईने ओल्या मातीच्या हातांनी तिघांनाही घट्ट जवळ ओढलं.